घाटात मागे पडतेय, म्हणून मोठी बाईक घेऊ का?

या वेळचं पत्र नाशिकरोडच्या एका मैत्रिणीचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. वय तेहेतीस, नोकरी सिन्नरला, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर 110 सीसीची स्कूटर चालवते. उंची पाच फूट एक. नवऱ्याकडे क्लासिक 350 आहे, ती जड गाडी ही मागच्या वर्षी चालवायला शिकली. नवऱ्याला रविवारी ड्युटी असते म्हणून त्याची गाडी घेऊन एका रायडिंग ग्रुपबरोबर जाते. ग्रुपमधे दोन पार्ट्या आहेत, एक निवांत धडधडत जाणारी आणि दुसरी वळणं दिसली की अंगात येणारी. मध्यंतरी वणीमार्गे सापुताऱ्याला गेले तेव्हा हातगडच्या पुढच्या वळणांवर ती पार मागे पडली, वर पोचली तर सगळ्यांचा चहा पिऊन झालेला. येताना पेट्रोल पंपावर वळवताना गाडी आडवी झाली, दोघांनी धावत येऊन उचलली आणि त्यातला एक बोलला, "वहिनी, तुम्हाला स्कूटरच बरी." ते तिच्या मनात बसलंय. ती लिहिते की वळण आलं, विशेषतः उतारावर, की ती लिव्हर दाबते आणि ब्रेक मारते तरी गाडी अजूनच अंगावरून पळाल्यासारखी वाटते. आता ग्रुप म्हणतो 390 घ्या, म्हणजे चारशे सीसीच्या आसपासची ताकदवान गाडी, दीर म्हणतो अ‍ॅडव्हेंचर घे, नवरा म्हणतो माझ्यासारखीच घे. बजेट अडीच लाख, लोन काढलं तर साडेतीन. तिचे प्रश्न तीन: कोणती गाडी घेऊ, माझी स्टाईल नेमकी कोणती, आणि स्कूटर एक्स्चेंजमधे देऊन टाकू का.

---

पत्रात मला ताई म्हणालीस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

गाडीचं नाव सांगायच्या आधी तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर थांबते कारण मला वाटतं सगळं उत्तर तिथेच आहे आणि तू ती ओळ अशीच जाता जाता लिहून टाकलीयेस. उतारावर वळण आलं की लिव्हर दाबतेस आणि गाडी पळाल्यासारखी वाटते. कोणता लिव्हर गं? तू रोज स्कूटर चालवतेस, आणि स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो. इतक्या वर्षांत तुझ्या डाव्या हाताला एकच गोष्ट पाठ झालीये, भीती वाटली की आवळायचं. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच असतो. तो आवळला की इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध सुटतो, म्हणजे इंजिन जे गाडीला मागे ओढून धरत होतं ते ओढणं संपलं, आणि उतारावर जवळजवळ दोनशे किलोची गाडी मोकळी सुटली. तू ब्रेक मारतेयस पण त्याच वेळी दुसऱ्या हाताने गाडीला मोकळं सोडतेयस, मग पळाल्यासारखी वाटणारच, ती खरंच पळतेय. हे तुझ्या एकटीचं नाही, स्कूटरवरून मोटरसायकलवर येणाऱ्या खूप जणांचं होतं, फक्त कोणी सांगत नाही कारण सांगणारे बहुतेक लहानपणापासून काकांच्या गिअरच्या गाडीवर शिकलेले असतात, त्यांच्या हाताला ही सवय कधी लागलेलीच नसते.

म्हणून 390 घ्यायचा विचार ऐकला आणि आपल्याकडची म्हण आठवली, आजार हल्याला अन् इंजेक्शन पखालीला. पॉवर कमी पडल्यामुळे तू मागे राहत नाहीयेस. तुझ्या नवऱ्याच्या गाडीची वीस बीएचपी ताकद सापुताऱ्याच्या रस्त्याला भरपूर आहे, लोक शंभर सीसीच्या गाडीवर डबलसीट आणि दुधाचे कॅन घेऊन तोच घाट रोज चढतात. 390मधे ताकद दुपटीहून जास्त, पण तुझा डावा हात वळणावर तेच करणार जे आत्ता करतो, फक्त वळणावर पोचशील ती जास्त वेगात. ब्रेकचं गणित तर असं आहे की वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, ऐंशीला चाळीसच्या चौपट रस्ता लागतो, आणि साठच्या स्पीडला तू एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असतेस, ब्रेक लागायच्या आधीच.

तर आधी हे दुरुस्त कर, नवऱ्याच्याच गाडीवर, नवीन गाडी यायच्या आधी. वळणाच्या अलीकडे, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू दाब वाढवत. क्लच फक्त गिअर खाली टाकण्यापुरता, टाकला की लगेच सोडायचा. मग क्लचवरची बोटं काढून ग्रिपवर ठेवायची, मुद्दाम चारही बोटं. वळणात शिरताना इंजिन गिअरमधे धरलेलं आणि अगदी थोडा एक्सिलेटर. नजर वळण जिथे संपतं तिथे, पुढच्या चाकाच्या समोरच्या खड्ड्यात नाही कारण बघशील तिकडेच गाडी जाते. आणि हँडलचं म्हणशील तर वेगात असताना उजवीकडे वळायला उजवं हँडल पुढे ढकलायचं, ऐकायला उलटं वाटतं पण तू स्कूटरवर हे रोज करतेस, फक्त लक्षात आलेलं नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीसला हलकेच ढकलून बघ, गाडी लगेच त्या बाजूला झुकते.

सराव कुठे करायचा? सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान नाहीतर रविवारी एमआयडीसीतला रिकामा रस्ता. आणि मोहदरी घाट तर रोज तुझ्या वाटेवर आहे. तिथे कधी मागे पडल्यासारखं वाटलंय का तुला? नाही, कारण तिथे तुझ्या पुढे कोणी नसतं जो तुझ्यासाठी वेग ठरवतो. सिन्नरच्या एमआयडीसीचे ट्रक, शिंद्याचा टोलनाका, पावसात धुकं, कांद्याचे ट्रॅक्टर, हे सगळं सांभाळत वर्षाला हजारो किलोमीटर चालवणारी बाई रायडर नाही, आणि महिन्यातून एका रविवारी जॅकेट घालणारा रायडर, हे कोणी ठरवलं? तुझ्या त्या ग्रुपमधल्या कितीजणांचं रनिंग तुझ्याएवढं आहे विचार एकदा, मला तरी शंका आहे.

आता मागे पडण्याचं. ग्रुपमधे शेवटी असणाऱ्याला पुढच्यापेक्षा जास्त वेगाने चालवावं लागतं हे कोणी सांगितलंय तुला? पुढचा साठने चाललाय, गाव आलं, तीसवर आला, गाव संपलं की परत साठ पकडली. तेव्हा शेवटचा अजून गावातच तीसवर असतो, त्याला ती गॅप भरायला पुढे पंचाहत्तर-ऐंशी मारावे लागतात. दिंडोरी, वणी, मधली सगळी गावं, स्पीडब्रेकर, प्रत्येक ठिकाणी हेच होतं आणि रांग जितकी लांब तितकं जास्त. आणि वर पोचल्यावर बाकीच्यांचा चहा झालेला असतो, तू हेल्मेट काढतेस तोवर ते निघायला उभे, म्हणजे जिला सगळ्यात जास्त आरामाची गरज तिलाच तो मिळत नाही, पुढच्या टप्प्याला ती अजून थकलेली असते आणि थकलेला माणूस वळणावर चुकतो. यात तुझा दोष कुठे आहे? ही ग्रुप चालवण्याची अडाणी पद्धत आहे. ज्यांना ग्रुप नेता येतो ते नवीन किंवा हळू चालवणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे वेग तिच्या हिशोबाने ठरतो, आणि सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस असतो जो कोणाच्याही पुढे जात नाही. घाट सुरू व्हायच्या आधी थांबून सांगतात की वर अमुक ठिकाणी भेटू, ज्याने त्याने आपापल्या वेगाने या, आणि शेवटचा आल्यावर दहा मिनिटं परत बसतात. पुढच्या राइडच्या आधी हे चार वाक्यांत ग्रुपवर टाक. ऐकलं तर बरं, नाही ऐकलं तर तुला त्या ग्रुपबद्दल जे कळायचं ते कळेल.

(वहिनी-स्कूटरवाल्याला उत्तर द्यायची गरज नाही. तरी इच्छा झालीच तर त्याला म्हणावं सोमवारी सकाळी नऊला नाशिकरोडवरून सिन्नरला स्कूटर नेऊन दाखव.)

स्टाईलचं विचारलंस. तू ती शर्टाचा रंग निवडावा तशी विचारतेयस, की मी क्रूझिंगवाली का स्पोर्टवाली, आणि त्याप्रमाणे गाडी घेणार. मला वाटतं स्टाईल म्हणजे तुझं वजन गाडीवर कुठे पडतं आणि तुझी नजर किती लांब जाते, बाकी सगळं दिखावा. क्रूझर घेतलीस तर पाय पुढे, पाठ सरळ, आख्खं वजन माकडहाडावर. सरळ हायवेला मस्त, पण खड्डा आला की पायावर भार देऊन अंग उचलता येत नाही, तो थेट मणक्यात जातो, आणि सध्या 2027च्या सिंहस्थाच्या कामांनी आपल्याकडचे रस्ते कसे झालेत ते तुला मी काय सांगू. तरी ज्यांना साठ-सत्तरला इंजिनचा आवाज ऐकत जायचंय त्यांना दुसऱ्या कशात मजा येत नाही, आणि तो हट्ट मला आवडतो, त्यात कोणाला मागे टाकायचं नसतं.

स्पोर्ट बाईक, म्हणजे यामाहाच्या आर15 सारखी, हँडल खाली, पाय मागे, वजन मनगटावर. ऐंशीच्या पुढे समोरून वारा छातीला आधार देतो म्हणून बरं वाटतं, पण नाशिकच्या द्वारका चौकातल्या गोंधळात वीस मिनिटं अडकलीस की मनगटं आणि मान बोलायला लागतात. चालवायला येत असेल तर घाटात ती गाडी फार सुंदर वळते यात वाद नाही. फक्त ज्या पद्धतीने तुझ्या ग्रुपातले लोक घाटात वळतात, गुडघा बाहेर काढून, ती पद्धत रेसट्रॅकची आहे, तिकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. तिथे समोरून काही येत नाही, रस्ता झाडलेला असतो, पडलात तर घसरायला मोकळी जागा असते. सापुताऱ्याच्या वळणावर पलीकडून एसटी येते, डांबरावर खडी असते, कोणाच्या ट्रॉलीतून सांडलेलं काहीतरी असतं, मधेच गाय उभी. घाटात चांगलं चालवणारा माणूस दिसायला कंटाळवाणा असतो, ब्रेकलाइट फारसा लागत नाही, अंग हलत नाही, आंधळ्या वळणावर डावी बाजू सोडत नाही आणि जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवतो. असा माणूस तुझ्या ग्रुपात असेलच एखादा, बहुतेक वयाने मोठा. त्याच्या मागे मागे चालवून बघ, पाठलाग म्हणून नाही, तो कुठे हळू होतो ते बघायला.

अ‍ॅडव्हेंचरबद्दल थोडक्यात. दिराचं अगदी चुकीचं नाही, खड्ड्यांना ती गाडी उत्तम, लांब सस्पेन्शन, उभं राहून चालवता येतं, उभं राहिलं की वजन पायांवर जातं आणि गाडी तुझ्या खाली मोकळी हलते. पण एक्सपल्सची सीट 825 मिलिमीटरच्या आसपास, हिमालयन 450ची पण तेवढीच आणि वर ती 196 किलो. पाच फूट एकला हे जमवणाऱ्या बायका आहेत, मी बघितल्यात, एक ढुंगण सरकवून एकच पाय टेकवतात आणि बिनधास्त जातात. पण त्या आधी दुसऱ्या गाडीवर तयार झालेल्या असतात. आणि खरं सांग, तुला हरिहर गडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर जायचंय का तुझ्या दिराला?

मग राहिली साधी, सरळ बसायची गाडी, जिला शोरूमवाले रोडस्टर, नेकेड, कम्युटर काहीही म्हणतात. गुडघे सीटखाली, पाय जवळजवळ शरीराच्या खाली, हँडल हातात येईल एवढ्या अंतरावर. हिला कोणी ग्रुप फोटोत पुढे लावत नाही, पण हिच्यावर बसून तुला सगळ्या स्टाईल थोड्या थोड्या करून बघता येतात, निवांत पण जाता येतं, वळण पण नीट घेता येतं, खड्ड्यावर पायावर उठता येतं. अजून सहा महिन्यांनी तुला स्वतःला कळेल की तुला नेमकं काय आवडतं, आणि तेव्हा दुसरी घ्यावीशी वाटली तर ती निवड तुझी असेल.

उंचीचं आता. सगळे सीटची उंची विचारतात, पण दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत, सीटचा पुढचा भाग किती रुंद आहे (रुंद असली की पाय फाकतात आणि कमी उंचीची सीट पण उंच वाटते) आणि गाडीचं वजन. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही. एक पाय पूर्ण किंवा दोन्ही चवडे नीट टेकले तर पुरतं. पंपावर तुझी गाडी पडली ती उंचीमुळे पडली असं तुला वाटतंय, मला वाटतं हँडल वळलेलं असताना तू पुढचा ब्रेक दाबला असशील. अगदी हळू वेगात, हँडल पूर्ण वळलेलं आणि पुढचा ब्रेक, की पुढचा भाग एकदम आत बसतो आणि मग एकशे नव्वद-पंच्याण्णव किलो कोणालाच धरून ठेवता येत नाहीत, सहा फुटी माणसाला पण नाही. हळू वळताना फक्त मागचा ब्रेक पायाने, क्लच अर्धा, थोडा एक्सिलेटर, आणि मान वर करून जिकडे जायचंय तिकडे बघायचं. याच अर्ध्या क्लचवर मैदानात आठचा आकडा काढत बस, रोज पंधरा मिनिटं. शोरूमवाले सीटचा फोम कापून देतो, खालून सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी बुटकी करतो वगैरे सांगतील, फोम कमी करणं ठीक, लिंक बदलायच्या भानगडीत पडू नकोस, गाडीची वळण्याची सवयच बदलते आणि स्टँड पण मग नीट लागत नाही.

आणि पडलेली गाडी एकटीने उचलायला शिक, यात ताकदीपेक्षा युक्ती आहे. इंजिन बंद कर, गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेव, गिअरमधे टाक. मग गाडीकडे पाठ कर, सीटला कंबर टेकव, एका हातात खालच्या बाजूचं हँडल आणि दुसऱ्या हातात मागचं ग्रॅबरेल किंवा फ्रेम, आणि पाठ न वाकवता पायांनी मागे मागे ढकलत चाल. घरी जुनी गादी टाकून नवऱ्याला बाजूला उभा करून दोनदा करून बघ. हे जमलं की पंपावरच्या लोकांसमोर गाडी पडायची तुझी निम्मी भीती जाते.

बजेटचं गणित. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला, त्याच्या वरच्यांवर 40. 349 आणि 399 दोन आकडे शेजारी दिसतात पण मधे ही भिंत आहे. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा स्लॅब पण 350लाच बदलतो, वर गेलीस की हप्ता दुपटीहून जास्त, आणि नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो हे लक्षात ठेव. रोज पन्नास किलोमीटर म्हणजे महिन्याला साधारण साडेबाराशे. पस्तीसचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी छत्तीस लिटर पिते, पंचवीस देणारी पन्नास. महिन्याला चौदा लिटरचा फरक, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे लोनच्या हप्त्यावर वर्षाला सतरा-अठरा हजार अजून. टायर, चेनस्प्रॉकेट, सर्व्हिस वेगळीच. आणि हो, स्कूटरला चेन नसते म्हणून तुला सवय नसेल, मोटरसायकलची चेन साधारण पाचशे किलोमीटरला साफ करून ऑइल मारायची असते, तुझ्या रनिंगला महिन्यातून दोन-तीनदा, पावसाळ्यात त्याहून लवकर.

तर माझं मत, नाव घेऊन. तुझ्या रस्त्याला आणि अंगाला दीडशे-एकशेसाठ किलोच्या आसपासची, 150 ते 225 सीसीची सरळ बसायची गाडी. टीव्हीएसची रोनिन बघ, 225 सीसी, 160 किलोच्या आसपास, सीट 795. अपाचे 200 बघ, 800ची सीट आहे पण पुढे निमुळती, पाय टेकतात. खर्च अजून कमी हवा असेल तर होंडाची युनिकॉर्न किंवा यामाहाची एफझी, दोन्ही एकशेचाळीस किलोच्या आत-बाहेर, कोणी वळून बघणार नाही आणि मेकॅनिक प्रत्येक गल्लीत. मनात तो धडधड आवाजच बसला असेल तर हंटर 350, नवऱ्याच्या क्लासिकवाल्या प्रकारापेक्षा चौदा किलो हलकी आणि बसायला आटोपशीर, 350च्या आतली त्यामुळे टॅक्स पण खालचा. सीट सगळ्यात खाली हवी असेल तर अ‍ॅव्हेंजर, 737, पण मणक्याचं वर लिहिलंय ते विसरू नकोस. 125 सीसीच्या वरच्या सगळ्यांना एबीएस असतंच, कायद्यानेच, फक्त एक चॅनल का दोन, म्हणजे एकाच चाकाला का दोन्ही चाकांना, ते विचार आणि बजेटात बसत असेल तर दोन घे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, खडीवर अंतर मात्र कमी करत नाही, उलट वाढू पण शकतं.

लोन काढून साडेतीन करू नकोस. उरलेल्या पैशातून आयएसआयचं चांगलं फुलफेस हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्यापर्यंतचे बूट आणि तुझ्या मापाचं जॅकेट, नवऱ्याचं ढगळ जॅकेट नको, पडल्यावर कोपराचं पॅड कोपरावर राहिलं पाहिजे. आपल्या नाशकात 2021च्या पंधरा ऑगस्टपासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही ही मोहीम सुरू झाली तेव्हा पंपाच्या बाहेर लोक एकमेकांचं हेल्मेट मागून आत जायचे, तसलं वाटीसारखं हेल्मेट घेऊ नकोस. आणि ड्रेसवर चालवणार असशील तर ओढणी बॅगेत, चेन उघडी असते.

टेस्ट राइड शोरूमच्या मागच्या गल्लीत एक चक्कर अशी घेऊ नकोस. संध्याकाळी ट्रॅफिकच्या वेळी माग, रोजचेच बूट घालून जा, एक यू-टर्न घे, एका चढावर थांबून परत निघ, गाडी बंद करून ढकलून पार्किंगमधून बाहेर काढून बघ. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, गाडी रोज ढकलायचीये तुला. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं शोरूम.

एक कागदाचं काम राहिलंच. लायसन्स काढून बघ आत्ता. स्कूटरवर टेस्ट दिली असेल तर त्यावर विदाउट गिअरचा क्लास असू शकतो, एमसीडब्ल्यूओजी. तसं असेल तर गिअरच्या गाडीवर तू कायद्याने विनालायसन्सच आहेस, नवऱ्याच्या गाडीवर पण, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हेच पहिलं बघतात. लर्निंग काढून पेठरोडच्या आरटीओत विथ गिअर जोडून घे, ते होईपर्यंत रविवारच्या राइड बंद, आणि सराव मैदानातच.

स्कूटर मात्र एक्स्चेंजमधे देऊ नकोस एवढ्यात. शोरूमवाले त्याची किंमत बाहेरच्यापेक्षा कमीच लावतात, आणि पहिले काही महिने भर पावसात मोहदरी उतरायचा असेल, डोकं दुखत असेल, भाजीच्या पिशव्या असतील, तेव्हा तुला ती लागेल. दोन्ही गाड्या चालवशील तेव्हा डावा हात गोंधळेल हे खरं, म्हणून मोटरसायकलवर बसलीस की निघायच्या आधी उभ्याउभ्या दोनदा क्लच दाबून सोडत जा. वर्षभरात स्कूटर नुसती धूळ खात उभी दिसली तर तेव्हा विक, तीही ओळखीत कोणालातरी.